सर रतन टाटा : तपकिरीच्या कुप्यांचे धनी

तपकिरीची डबी आपल्या पणजोबांच्या कनवटीला असायची. चीनमध्ये छिंग राजवटीत मात्र तपकीर बोटभर उंचीच्या कुपीत ठेवत. बुचाला आतून चिमुकला चमचा आणि अंगावर नाजूक नक्षी. चिनी मातीच्या, जेडच्या अशा कलावस्तू सर रतन टाटांनी हौसेने जमवल्या.

जमशेटजींचे हे धाकटे चिरंजीव. जन्म १८७१चा. अलीकडे निवर्तलेले रतन टाटा हे त्यांच्या पत्नी नवाजबाईंनी दत्तक घेतलेल्या नवल टाटांचे पुत्र.

त्यांचा पैसा नुसत्या शौकात गेला नाही. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला त्यांनी मदत केली, दक्षिण आफ्रिकेतील गांधीजींच्या लढ्याला सव्वा लाख रुपये दिले, पाटलीपुत्राच्या उत्खननाचा खर्च उचलला.

१९१८ साली, वयाच्या ४७व्या वर्षी, इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. मूलबाळ नव्हते, संग्रह लिलावात विखुरला असता. पण तो त्यांनी मुंबईच्या संग्रहालयासाठी ठेवला. आजचे ते छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. म्हणूनच त्यांची हौस आज सगळ्यांना पाहायला मिळते.

आजोबांचा अडकित्ता, पणजीचे पानदान आपल्याही माळ्यावर असेल. ते कोणाच्या हाती सोपवायचे, हे वेळीच ठरवलेले बरे.