स्टेफी डिसोझा



फेस्ताच्या खेळांची यादी चर्चच्या फळ्यावर लागली की दुसऱ्या दिवसापासून आपली मुले ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर धावताना दिसतात. गेल्या वर्षी ही यादी मीच केली होती. मुलग्यांसाठी ४०० मीटर आणि मुलींसाठी १०० मीटर, असे मी लिहून टाकले. मिस्सा आटोपल्यावर आठवीतली एक मुलगी सॅक्रिस्टीच्या दारात येऊन उभी राहिली आणि आमची शर्यत एवढी छोटी का, असे तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नापायी आज स्टेफी डिसोझाविषयी लिहीत आहे. आपल्याच घरची मुलगी समजून एकेरीत लिहितो.

स्टेफीचा जन्म २६ डिसेंबर १९३६ रोजी गोव्यात झाला. तेव्हा तिथे पोर्तुगीज राज्य होते. आपल्यापैकी कित्येक घराण्यांची मुळे खाडीपलीकडे त्याच भूमीत आहेत, त्यामुळे हे आडनाव आपल्याला नवे नाही. मे १९५४ मध्ये फिलिपाइन्समधील मनिला येथे दुसरे आशियाई खेळ भरले, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. मुलींच्या ४ बाय १०० मीटर रिले शर्यतीसाठी भारताने चौघींना उतरवले : ख्रिस्टिन ब्राउन, स्टेफी डिसोझा, व्हायोलेट पीटर्स आणि मेरी डिसोझा. (दोन डिसोझा पाहून गोंधळू नये. मेरी ही वांद्र्याची. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला गेलेल्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी ती एक.)

रिलेत नुसते जोरात धावून भागत नाही. हातातली दांडी ठरलेल्या पट्ट्यातच पुढच्या मुलीच्या हातात पडावी लागते. घेणारी मागे वळून पाहत नाही. पळता पळता हात मागे करते आणि दांडी येईल यावर भरवसा ठेवते. ती निसटली तर चौघींची मेहनत वाया. तीन वर्षांपूर्वी दिल्लीला याच शर्यतीत जपानी मुली पहिल्या आणि आपल्या दुसऱ्या आल्या होत्या. मनिलात आपल्या चौघींनी ४९.५ सेकंदांत सुवर्णपदक घेतले.

पुढचे आशियाई खेळ १९५८ मध्ये टोकियोला झाले. तिथे स्टेफीने २०० मीटरमध्ये रौप्य आणि रिलेत कांस्यपदक मिळवले. हॉकीतही ती भारताकडून खेळली. १९६३ साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. धावण्या-उडी मारण्याच्या खेळांत हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. सेमिनरीत आम्हाला झेनो नावाच्या ग्रीक विचारवंताचे एक कोडे शिकवीत. पुढे असलेल्या कासवाला अकिलिससारखा वीरही गाठू शकणार नाही, कारण तो कासवाच्या जागी पोहोचेपर्यंत कासव थोडे पुढे सरकलेले असते. कागदावर हे खोडून काढताना आमची दमछाक व्हायची. मैदानावर मात्र कासव मागे पडतेच. ऑलिंपिकच्या कारभाऱ्यांनीही असेच एक कागदी गणित मांडले होते. १९२८ साली ॲमस्टरडॅमला स्त्रियांची ८०० मीटर शर्यत झाली आणि जर्मनीच्या लीना राडकेने ती विश्वविक्रमी वेळेत जिंकली. पण शर्यत संपल्यावर धावपटू थकून कोसळल्या, असा गवगवा झाला. पुरुषही शर्यतीनंतर कोसळतात, त्याचे कोणाला काही वाटत नव्हते. स्त्रियांना इतके अंतर झेपत नाही असे ठरवून ती शर्यत काढून टाकली, ती थेट १९६० साली परत आली. मधल्या बत्तीस वर्षांत ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना २०० मीटरच्या पुढे धावायची सोय नव्हती. आणि ४०० मीटर? ती स्त्रियांसाठी पहिल्यांदा ठेवली गेली १९६४ साली, टोकियोत.

त्या पहिल्याच शर्यतीत आपली स्टेफी होती. आशियाई रौप्यपदक जिने मिळवले, तीच नगरी आणि तेच मैदान, सहा वर्षांनंतर. मागच्या रोम ऑलिंपिकला भारतातून एकही स्त्री गेली नव्हती. टोकियोला गेलेल्या आपल्या ५३ खेळाडूंत बावन्न पुरुष आणि एकटी स्टेफी. वयाची अठ्ठाविशी जवळ आलेली, अंतर तिच्या सवयीच्या शर्यतींहून दुप्पट, आणि पायांखाली आजच्यासारखा रबरी नव्हे तर कोळशाच्या बारीक खडीचा ट्रॅक. ती अंतिम फेरीपर्यंत पोहोचली नाही. सुवर्णपदक ऑस्ट्रेलियाच्या बेटी कथबर्टने ५२ सेकंदांत जिंकले. या बेटीने आठ वर्षांपूर्वी मेलबर्नला तीन सुवर्णपदके मिळवली होती, तेव्हा स्टेफीची गाठ कोणाशी होती ते ध्यानात घ्यावे. पराभवाची ही नोंद मला मनिलाच्या सुवर्णाइतकीच मोलाची वाटते. जिंकण्याची आशा थोडी असतानाही ती धावायला उभी राहिली, आणि मी मात्र आपल्या मुलींना उभे राहायलाही जागा ठेवली नव्हती.

स्टेफी १९९८ साली जमशेदपूर येथे वारली. मेरी डिसोझा हिला २०१३ मध्ये ध्यानचंद पुरस्कार मिळाला, मनिलाच्या त्या शर्यतीनंतर एकोणसाठ वर्षांनी.

यंदाच्या यादीत मुलींची ४०० मीटर शर्यत आहे. ओहोटीची वेळ पाहून ती किनाऱ्यावरच, ओल्या घट्ट वाळूत घेऊ. नावे पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर माझ्याकडे द्यावीत. आठवीतली ती मुलगी आता नववीत आहे. तिचे नाव मी आधीच लिहून घेतले आहे.

आपला,
धर्मगुरू