झाडे जाणणारे डॉ. भाऊ दाजी लाड



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असे आपल्या चिटणीसबाईंनी मला सुचविले. मी सातवीपर्यंत शिकलेली एक गृहिणी. माझा अधिकार तो काय? पण डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याविषयी जे वाचले ते आपणां सर्वांना सांगावेसे वाटले, म्हणून हे चार शब्द.

भाऊ दाजींचे खरे नाव रामचंद्र विठ्ठल लाड. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी गोव्यातील पेडणे महालात त्यांचा जन्म झाला. घरची स्थिती बेताचीच. पण लहानपणी ते बुद्धिबळात इतके तरबेज होते की, ते पाहून एका इंग्रज गृहस्थाने या मुलाला इंग्रजी शिक्षण द्यावे असे त्यांच्या वडिलांस सुचविले. पुढे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली जी पहिली तुकडी बाहेर पडली, तीत भाऊ दाजी होते. धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह त्यांनी गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला. १८६९ व १८७१ असे दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले.

आपणां स्त्रियांवर तर त्यांचे विशेष उपकार आहेत. काठेवाडाकडे मुलगी जन्मताच तिला मारण्याची दुष्ट चाल होती. तिच्याविरुद्ध त्यांनी निबंध लिहिला व त्यास ६०० रुपयांचे बक्षीस मिळाले. मुलींच्या शाळांसाठीही ते झटले.

आपल्या खानदेशच्या सीमेवरच्या अजिंठ्याशीही त्यांचे नाते आहे. सहलीला जाऊन आपण तेथील चित्रे पाहतो. भाऊ दाजींनी तेथील भिंतींवरचे झिजलेले शिलालेख वाचले व त्यांचा अर्थ विद्वानांपुढे मांडला. ज्या चिकाटीने त्यांनी दगडावरची अक्षरे वाचली, त्याच चिकाटीने जुने वैद्यकग्रंथही वाचले. ग्रंथांत वर्णिलेल्या वनस्पती गोळा करायच्या आणि त्यांचे गुण खरे किती हे रोग्याच्या खाटेपाशी पारखायचे, असा त्यांचा क्रम होता. इंग्रजी विद्या शिकले म्हणून त्यांनी घरचा पाला टाकाऊ मानला नाही, आणि पोथीत आहे म्हणून डोळे मिटून खराही मानला नाही.

त्या काळी कुष्ठरोग म्हणजे जिवंतपणीचे मरण. घरची माणसेही रोग्याला दूर लोटीत. भाऊ दाजींनी या रोगावर कडू कवठाच्या बियांचे तेल वापरले. आपण चटणी करतो ते कवठ निराळे. हे झाड सह्याद्रीच्या दमट रानातले, कोकण-गोव्याकडचे. जंगले तुटत गेली तसे तेही विरळ होत चालले. याच जातीच्या झाडांचे तेल पुढे जगभर कुष्ठरोगावर वापरात होते. १९४० नंतर नवी औषधे निघाली तेव्हा ते मागे पडले. मात्र भाऊ दाजींनी आपल्या औषधाची कृती लवकर जाहीर केली नाही, आणि त्यावरून वादही झाले. अखेर अर्धांगवायूने ते खिळले व ३१ मे १८७४ रोजी निवर्तले. ते काम अपुरेच राहिले.

पण त्यांचे दुसरे काम मात्र सर्वांसाठी उघडे राहिले. ते म्हणजे भायखळ्याची राणीची बाग. ती बाग आणि तेथील संग्रहालय उभारणाऱ्या समितीचे भाऊ दाजी एक चिटणीस होते. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी बाग लोकांसाठी खुली झाली, आणि १८७२ साली संग्रहालय. १९७५ पासून त्या संग्रहालयाला त्यांचेच नाव आहे. बागेचे नाव आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. मुले तेथे प्राणी पाहायला जातात. पण तेथे सीतेचा अशोक, उर्वशी, कैलासपती, गोरखचिंच अशी २८० हून अधिक जातींची झाडे आहेत, हे पुष्कळांच्या ध्यानातही येत नाही.

२००७ च्या सुमारास तेथील प्राणिसंग्रहालय नव्याने बांधण्याची शेकडो कोटींची योजना निघाली. जुन्या झाडांना धोका पोहोचेल, हे मुंबईतील काही भगिनींनी ओळखले. त्यांनी झाडांचा अभ्यास केला, लोकांना बागेत फिरवून झाडे ओळखायला शिकविले आणि अधिकाऱ्यांपुढे नेटाने बाजू मांडली. शेवटी ती योजना बदलावी लागली. झाडाचे नाव ठाऊक होते, म्हणूनच त्याच्यासाठी भांडता आले.

मला या चरित्रातून हेच शिकण्यासारखे वाटते. एकाच्या मनात राहिलेली विद्या त्याच्याबरोबर जाते. चारचौघांत ठेवलेली विद्या टिकते. आमच्या वस्तीतल्या बागेत फरशी बसविताना दोन जुनी झाडे तोडली गेली. ती कशाची होती, हे विचारले तर कोणालाच सांगता आले नाही. मग अडविणार तरी कोण? सातपुड्यातला अंजन, मेहरूणची बोर, पळस, बेहडा यांची माहिती आपल्या सासवांना, आजीबाईंना आहे. ती त्यांच्यापाशीच राहून चालायची नाही. येत्या वर्षी मंडळाने एक काम हाती घ्यावे: जळगाव असो वा धुळे, आपापल्या जवळच्या बागेतील प्रत्येक जुने झाड जाणत्या बाईकडून ओळखून घ्यावे, नाव व उपयोग वहीत लिहावा, आणि परवानगी काढून झाडाजवळ पाटी लावावी. पाटी लावताना खिळा मात्र झाडात ठोकू नये, सुतळीने बांधावी. यास पैसा फारसा लागत नाही. आठवड्यातील एक दुपार लागेल. पहिल्या दुपारी यायला मी तयार आहे.