बीबी अमतुस सलाम

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या नांदगाव स्थानकातून पूर्वेकडे जाणारा लोहमार्ग चाळीसगाव, भुसावळ, अकोला, बडनेरा ही गावे मागे टाकत वर्ध्याला पोहोचतो. वर्ध्याजवळ सेवाग्राम आहे. १९३६ साली महात्मा गांधी तेथे राहण्यास गेले. तेथील आश्रमाचे नाव तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचले असेल. पण त्या आश्रमात पाच वेळा नमाज पढणारी, रमजानचे रोजे ठेवणारी आणि रोज कुराणाचे पठण करणारी एक मुसलमान स्त्री राहत असे, हे तुम्हांला ठाऊक आहे का? तिचे नाव बीबी अमतुस सलाम. आज आपण तिची ओळख करून घेऊ.

अमतुस सलाम यांचा जन्म १९०७ साली पंजाबातील पतियाळा संस्थानात एका खानदानी घराण्यात झाला. घरात पडद्याची चाल होती. त्यांची प्रकृती लहानपणापासूनच नाजूक होती. मात्र त्यांचे थोरले बंधू स्वातंत्र्याच्या चळवळीत भाग घेत असत. त्यांच्यामुळे देशसेवेची ओढ या मुलीलाही लागली. त्या खादी वापरू लागल्या. १९३१ साली त्या गुजरातेतील साबरमती आश्रमात दाखल झाल्या आणि पुढे सेवाग्रामला आल्या.

आश्रमातील जीवन सोपे नव्हते. पहाटे उठावे लागे. सूत कातणे, झाडलोट, स्वयंपाक, आजाऱ्यांची शुश्रूषा ही सगळी कामे स्वतः करावी लागत. अमतुस सलाम वारंवार आजारी पडत, तरीही काम सोडत नसत. गांधीजींनी त्यांना मुलीसारखे मानले. त्यांनी अमतुस सलाम यांना पुष्कळ पत्रे लिहिली. त्यांतील कित्येक पत्रे आपल्या उर्दू भाषेत आहेत, हे ऐकून तुम्हांला आनंद होईल. आश्रमात राहण्यासाठी अमतुस सलाम यांना आपला धर्म बाजूला ठेवावा लागला नाही. उलट, आपण चांगले मुसलमान आहोत म्हणूनच शेजारच्या हिंदूची हिफाजत करणे हे आपले कर्तव्य आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. या श्रद्धेची कसोटी लवकरच लागणार होती.

१९४६ साल उजाडले. स्वातंत्र्य जवळ आले होते, पण देशात द्वेषाचा वणवा पेटला होता. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये कलकत्त्यात भयंकर दंगल झाली. ऑक्टोबरमध्ये पूर्व बंगालच्या नोआखाली जिल्ह्यात आग भडकली. हा भाग आज बांगलादेशात आहे. तेथे मुसलमान संख्येने जास्त होते आणि हिंदू थोडे. हिंदूंची घरे जाळली गेली, माणसे मारली गेली, पुष्कळांवर धर्म बदलण्याची सक्ती झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत बिहारमध्ये याच्या उलट घडले. तेथे मुसलमान थोडे होते आणि त्यांची कत्तल झाली. यावरून काय दिसते? जुलूम करणाऱ्याचा धर्म गावागावाला बदलतो. भीतीने थरथरणारे मूल मात्र सगळीकडे सारखेच असते.

नोव्हेंबर १९४६ मध्ये गांधीजी नोआखालीत गेले. त्यांनी आपल्या सोबत्यांना वेगवेगळ्या खेड्यांत पाठविले. प्रत्येकाने एकेका गावात राहून तेथील लोकांच्या मनातील भीती दूर करायची होती. अमतुस सलाम सिरंडी नावाच्या गावी राहिल्या. तेथील एका हिंदू घरातून दंगलीच्या वेळी पूजेचे खड्ग, म्हणजे तलवार, पळविण्यात आले होते. मागूनही ते परत मिळेना. तेव्हा डिसेंबरच्या अखेरीस अमतुस सलाम यांनी अन्न सोडले.

तुम्ही म्हणाल, एका तलवारीसाठी एवढा हट्ट कशाला? पण नीट विचार करा. ती वस्तू पूजेची होती. ती परत देणे म्हणजे, तुम्ही निर्भयपणे तुमची पूजा करा, आम्ही आड येणार नाही, असे शेजाऱ्याला सांगणे होते. ती दडवून ठेवणे म्हणजे भीती कायम ठेवणे होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. हा उपवास आपल्या रोजासारखा नव्हता. रोजा सूर्यास्ताला सुटतो. हा उपवास केव्हा सुटेल, हे कोणालाच ठाऊक नव्हते. शिवाय अमतुस सलाम यांचे मागणे परक्यांकडे नव्हते, स्वतःच्याच धर्मबांधवांकडे होते. परक्यांच्या चुका दाखविणे सोपे असते. आपल्या माणसांसमोर उभे राहून, हा अन्याय आहे, असे प्रेमाने सांगणे फार कठीण असते. त्यांनी कोणाला शिव्याशाप दिले नाहीत, कोणाच्या घरावर पोलीस नेले नाहीत. स्वतःचा जीव तेवढा पणाला लावला.

दिवसांमागून दिवस गेले. आधीच अशक्त असलेले शरीर आणखी खचले. २० जानेवारी १९४७ रोजी, उपवासाच्या पंचविसाव्या दिवशी, गांधीजी सिरंडीला पोहोचले. त्यांनी गावातील मुसलमान पुढाऱ्यांशी बोलणी केली. हिंदूंना आपल्या धर्माप्रमाणे वागण्याचे पूर्ण स्वातंत्र्य राहील, त्यांचे आम्ही रक्षण करू, असे त्या पुढाऱ्यांनी लिहून दिले आणि त्याखाली सह्या केल्या. मग गांधीजींच्या हातून संत्र्याचा रस घेऊन अमतुस सलाम यांनी उपवास सोडला. खड्ग शेवटपर्यंत मिळाले नाही. परंतु ज्यासाठी ते मागितले होते, ते वचन मिळाले.

त्याच वर्षी देशाची फाळणी झाली. अमतुस सलाम यांचे बरेचसे नातेवाईक पाकिस्तानात गेले. त्या भारतातच राहिल्या. फाळणीच्या धामधुमीत दोन्हीकडच्या असंख्य स्त्रियांना पळवून नेले होते. अशा स्त्रियांचा शोध घेण्यासाठी अमतुस सलाम पाकिस्तानातील बहावलपूर भागात गेल्या. त्या बहावलपुराहून जे हिंदू निर्वासित भारतात आले, त्यांना पतियाळाजवळच्या राजपुरा येथे वसविण्याच्या कामी त्या झटल्या. घरदार गमावलेल्या त्या लोकांच्या मनात मुसलमानांविषयी किती कडवटपणा असेल! त्यांच्यातच एक मुसलमान स्त्री राहिली आणि त्यांची झाली. राजपुऱ्यात त्यांनी कस्तुरबा सेवा मंदिर ही संस्था उभी केली. १९८५ साली त्यांचे निधन झाले.

मुलांनो, वर्गात, मोहल्ल्यात किंवा बाजारात कोणी दुसऱ्या जातीच्या वा धर्माच्या माणसाला हिणवले, तर आपण काय करतो? बहुतेक वेळा गप्प बसतो. हिणवणारा आपलाच दोस्त असला, तर हसतोसुद्धा. अशा वेळी सिरंडी गावातील ती अशक्त बीबी आठवा. थोडे असलेल्यांच्या बाजूने उभे राहण्याचे धैर्य तिने आपल्या ईमानातूनच मिळविले होते.