अर्ध्या मैदानाचा मानकरी : सर जॉर्ज थॉमस

थॉमस चषक हे नाव आता आपल्याकडे शाळकरी मुलांच्याही तोंडी आहे. २०२२ च्या मे महिन्यात बँकॉक येथे भारतीय संघाने इंडोनेशियाला ३-० असे नमवून हा चषक प्रथमच जिंकला. परंतु हा थॉमस कोण, असे मी चौघांना विचारले तेव्हा कुणी म्हणाले, कंपनीचे नाव असेल. कुणी म्हणाले, एखादा इंग्रज गव्हर्नर असेल. चषक सर्वांना ठाऊक, माणूस कुणालाच नाही! म्हणून त्या माणसाचा जीवनपट वाचकांपुढे ठेवण्याचा हा माझा अल्पसा प्रयत्न.

जॉर्ज अ‍ॅलन थॉमस यांचा जन्म १४ जून १८८१ रोजी आजच्या इस्तंबूलजवळ थेरापिया येथे झाला. घराणे इंग्रज सरदारांचे. ‘सर’ ही पदवी त्यांना पराक्रमाने नव्हे, तर वारशाने मिळाली. आई लेडी एडिथ थॉमस या बुद्धिबळात निपुण होत्या. १८९५ साली हेस्टिंग्ज येथे झालेली स्त्रियांची स्पर्धा त्यांनी जिंकली होती. मुलाला पटाची गोडी लागली ती आईमुळे.

बॅडमिंटनचे मात्र आपल्याशी जुने नाते आहे. आमच्या वैशाखऱ्याहून माळशेज घाट चढून गेले की पुणे जिल्हा लागतो. त्याच पुण्याच्या लष्करी छावणीत एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत आणि त्याला ‘पूना’ असेच म्हणत. तेथून तो विलायतेत गेला, एका सरदाराच्या वाड्यावरून त्याला बॅडमिंटन हे नाव पडले आणि १८९९ मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा सुरू झाली. पुढे अनेक वर्षे हीच स्पर्धा जागतिक अजिंक्यपदासारखी मानली जाई.

या स्पर्धेत थॉमस यांनी १९०३ ते १९२८ या पंचवीस वर्षांत एकवीस विजेतेपदे मिळवली. पहिले मिळाले तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते, शेवटचे मिळाले तेव्हा सेहेचाळीस वर्षांचे! पण या आकड्यांची फोड केली की खरी गंमत कळते. एकवीसपैकी एकेरीची विजेतेपदे फक्त चार. नऊ पुरुष दुहेरीची आणि आठ मिश्र दुहेरीची. म्हणजे सतरा वेळा त्यांच्या यशात दुसऱ्या कुणाचा तरी निम्मा वाटा होता. एकेरीचे पहिले विजेतेपद त्यांच्या हाती आले १९२० साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. मध्ये महायुद्धामुळे पाच वर्षे स्पर्धाच भरली नव्हती. ज्या वयात खेळाडू रॅकेट खुंटीला टांगतो, त्या वयात हा गृहस्थ १९२० ते १९२३ अशी लागोपाठ चार वर्षे एकेरीत अजिंक्य राहिला. त्या चारांतील पहिली तीन वर्षे हेझल होगार्थ यांच्या साथीने मिश्र दुहेरीही त्यांनीच जिंकली.

दुहेरी म्हणजे सोपा खेळ, दमला तर दुसरा आहेच, असे पुष्कळांना वाटते. मैदानाची मापे पाहिली तर हा समज टिकत नाही. लांबी दोन्ही खेळांना चव्वेचाळीस फूट. रुंदी एकेरीला सतरा फूट आणि दुहेरीला वीस. माणसे दुप्पट, जागा मात्र तीनच फूट अधिक! त्यामुळे फूल फार वेगाने परत येते. खरी परीक्षा असते ती दोघांच्या मधोमध येणाऱ्या फुलाची. दोघेही धावले तर रॅकेटवर रॅकेट आपटते, दोघेही थांबले तर गुण जातो. कुणी घ्यायचे आणि कुणी सोडायचे, हे क्षणात ठरावे लागते. दुसऱ्यासाठी सोडणे हेही दुहेरीत एक कौशल्यच आहे.

हे मला पुस्तकातून कळण्याआधी खळ्यात कळले. भाताची झोडणी झाली की आमच्याकडे खळे मोकळे होते. म्हशाच्या यात्रेतून आणलेल्या दोन रॅकेट आणि बांबूंना बांधलेली दोरी, एवढीच आमची सामग्री. फूल जेमतेम पाच ग्रॅमचे. घाटाकडून वारा सुटला की ते कुणाच्या अंगणात जाऊन पडेल याचा नेम नसे. मी आणि माझा दादा एका बाजूला असायचो. मधले फूल तो बहुधा मला सोडायचा.

आता एक प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. सर जॉर्ज इतकी वर्षे खेळू शकले ते पोटाची चिंता नव्हती म्हणूनच ना? त्या काळी खेळावर पैसा मिळवणाऱ्याला अशा स्पर्धांत स्थान नसे. खेळ निर्मळ राहावा हा त्यामागचा हेतू सांगत. परंतु रोजंदारीवर जाणाऱ्याने सराव कधी करायचा, याचे उत्तर त्या नियमात नव्हते. तेव्हा त्यांच्या यशात त्यांच्या घराण्याचाही हात होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सवड पुष्कळांना असते, तिचे सोने थोडेच करतात. १९२३ साली थॉमस बॅडमिंटनच्या एकेरीत विजयी झाले आणि त्याच वर्षी ब्रिटनचे बुद्धिबळ-विजेतेही झाले. हा मान त्यांनी १९३४ मध्ये पुन्हा मिळवला. १९३४-३५ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत तर त्यांनी कापाब्लांका आणि बोटविनिक या दोन्ही दिग्गजांना हरवले आणि पहिल्या क्रमांकात वाटेकरी झाले. तेव्हा त्यांचे वय त्रेपन्न होते.

१९३४ साली नऊ देशांच्या संघटनांनी मिळून आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन महासंघ स्थापन केला. त्याचे पहिले अध्यक्ष थॉमस झाले आणि १९५५ पर्यंत राहिले. १९३९ मध्ये त्यांनी पुरुषांच्या सांघिक स्पर्धेसाठी चषक देऊ केला. पण पुन्हा महायुद्ध आडवे आले आणि पहिली स्पर्धा १९४८-४९ मध्ये झाली. ती मलायाने जिंकली. ज्या इंग्लंडने खेळाला नियम दिले, त्याला हा चषक आजवर एकदाही जिंकता आलेला नाही. आपले सांगलीचे नंदू नाटेकर १९५१ ते १९६३ या काळात याच चषकासाठी भारताकडून एकेरी आणि दुहेरी दोन्ही खेळले.

या स्पर्धेची रचना पाहण्यासारखी आहे. आरंभी एका लढतीत पाच सामने एकेरीचे आणि चार दुहेरीचे असत, आता तीन आणि दोन असतात. कितीही मोठा वीर असो, एकटा हा चषक जिंकूच शकत नाही. २०२२ च्या अंतिम लढतीत दुसरा सामना सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी आणि मुंबईचा चिराग शेट्टी यांचा होता. पहिला गेम गमावून, हरण्याच्या टोकावरून परत येऊन त्यांनी तो जिंकला. चांगली जोडी नसती तर भारताची वाट बिकट झाली असती.

सर जॉर्ज थॉमस २३ जुलै १९७२ रोजी लंडन येथे वयाच्या एक्क्याण्णव्या वर्षी वारले. त्यांनी लग्न केले नव्हते, त्यामुळे घराण्याची सरदारकी त्यांच्याबरोबर संपली. वारशाने आलेले नाव संपले; दहा जणांनी मिळून उचलायच्या चषकावरचे नाव मात्र राहिले.

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. दादा सातवीनंतर शाळा सोडून वीटभट्टीवर जाऊ लागला, कारण दोघांचा खर्च झेपणारा नव्हता. माझ्या एस.टी.च्या पासाचे पैसे आजही तोच देतो. उद्या मी पदवीधर झाले तर प्रमाणपत्रावर नाव एकट्या माझेच छापलेले असेल. विद्यापीठाच्या कागदावर दुहेरीची सोय नाही. परंतु मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी किती जणांची पदवी खऱ्या अर्थाने एकेरीची असेल? सतरा विजेतेपदे जोडीदाराबरोबर वाटून घेणाऱ्या या माणसाचे चरित्र वाचल्यावर एवढे तरी ठरवावे, की विचारणाऱ्याला आपले नाव सांगताना मैदानाचा दुसरा अर्धा भाग कुणी सांभाळला, त्याचेही नाव सांगायचे.