इंटरला नापास झालेले नरहर कुरुंदकर मराठी समीक्षेतलं मोठं नाव कसे बनले?

१५ जुलै १९३२ रोजी जन्मलेले नरहर कुरुंदकर हैदराबादला शिकायला गेले आणि इंटरला वारंवार नापास झाले. वाचन मात्र थांबलं नाही. नांदेडमध्ये आधी शाळेत, मग पीपल्स कॉलेजात शिकवलं. पुढे तिथेच प्राचार्य झाले.

मराठीत तेव्हा मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराचा दबदबा होता. त्यात कलाकृतीची लय महत्त्वाची. दुसरीकडे शरच्चंद्र मुक्तिबोधांसारखे मार्क्सवादी. कुरुंदकर समाजवादी, समाज समजून घेताना मार्क्सचा आधार घेणारे. तरी कवितेचं मोल तिच्यातल्या विचारसरणीवरून ठरवायला ते तयार नव्हते. मर्ढेकरांनाही त्यांनी तपासून घेतलंच. ‘रूपवेध’मध्ये ही ओढाताण दिसते (पुस्तक अवघड आहे, पण नेटाने वाचावं असं).

१० फेब्रुवारी १९८२ रोजी ते गेले. वय अवघं ४९.