विखुरल्या स्मृतींचे व्यास : हाइम सॅम्युएल केहिमकर

आज आषाढी पौर्णिमा, व्यासपूजेचा पुण्यदिवस. विखुरलेली वेदराशी एकत्र करून तिचे चार भाग ज्यांनी केले, त्या भगवान कृष्णद्वैपायनांचे स्मरण आज घरोघरी होईल. परंतु ‘व्यास’ हे नाव एका व्यक्तीचे आहे तसेच ते एका कार्याचेही आहे. विष्णुपुराणात अठ्ठावीस व्यासांची गणना केलेली आहे. युगायुगांत ज्ञान विस्कळीत होते आणि ते सावरण्यासाठी कोणीतरी व्यास जन्मास यावा लागतो, असा त्याचा आशय. म्हणूनच आजच्या दिवशी आपल्या कोकणच्या मातीत वाढलेल्या एका परधर्मीय व्यासाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहे. त्यात अनौचित्य वाटू नये.

अलिबागजवळील किहीम गावावरून ज्यांचे आडनाव आले ते हाइम सॅम्युएल केहिमकर १८३० साली बेने इस्राएल समाजात जन्मास आले. या समाजाची परंपरागत कथा अशी की, फार प्राचीन काळी स्वदेशातून निघालेले त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून बुडाले व अवघी सात जोडपी जिवंत राहिली. ग्रंथ गेले, आचार्य गेले, भाषाही गेली. (समुद्राने किनाऱ्यास आणलेल्या चौदा देहांची कथा चित्तपावनांच्या उत्पत्तीविषयीही सांगतात. पंडितांनी याचा काय तो विचार करावा.) ही मंडळी कोकणात स्थिरावली, घाणा चालवून तेल गाळू लागली, मराठी बोलू लागली, लुगडे नेसू लागली. मात्र शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. त्यावरून शेजारीपाजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. एकमेव ईश्वराची साक्ष देणारी ‘शेमा’ ही लहानशी प्रार्थना, आठव्या दिवशीचा सुंतेचा संस्कार, शनिवारचा विश्राम आणि खाण्यापिण्याचे काही विधिनिषेध, एवढीच शिदोरी घेऊन या समाजाने शतकानुशतके काढली. ग्रंथावाचून धर्म राखणे किती कठीण, हे आपल्या परंपरेत वाढलेल्यांस सांगणे नलगे.

पुढे डेव्हिड राहाबी यांनी या समाजास धर्मशिक्षण दिले असे परंपरा सांगते. मुंबईत सॅम्युएल इझिकियेल दिवेकर यांनी १७९६ साली पहिले प्रार्थनामंदिर बांधले. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटका झाल्यास देवाचे घर बांधीन, असा त्यांचा नवस होता. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी शाळा काढल्या. तेथे बेने इस्राएल मुले आवडीने शिकू लागली. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. नियतीचा खेळ असा की, या समाजास आपली देवभाषा पुन्हा भेटली ती त्याला धर्मांतरित करू पाहणाऱ्यांच्या हातून. विद्या घ्यावी आणि धर्म सोडू नये, असे हे असिधाराव्रत होते. आणि पुष्कळांनी ते निभावलेही. परंतु परक्याच्या दिव्यावर आपली वात किती दिवस पेटवीत राहायची?

हा प्रश्न ज्यांना अस्वस्थ करीत होता, त्यांत केहिमकर अग्रभागी होते. वयाच्या तेविसाव्या वर्षी, १८५३ साली, समाजाच्या हितासाठी एक मंडळी स्थापण्यात त्यांनी पुढाकार घेतला. १८७५ साली त्यांच्या प्रयत्नांनी मुंबईत ‘इस्रायलाइट स्कूल’ सुरू झाले. मराठी ही मातृभाषा, इंग्रजी ही उपजीविकेची भाषा आणि हिब्रू ही प्रार्थनेची भाषा. तिन्ही एका छताखाली शिकाव्यात आणि त्यासाठी मुलाला शनिवारचा विश्राम मोडावा लागू नये, ही त्यामागची दृष्टी. समाज लहान, बहुतेक कुटुंबे मध्यम वा गरीब. तेव्हा लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनकडून साहाय्य घ्यावे लागले. पण परदेशचे द्रव्य आले म्हणून शाळेची भाषा परदेशी झाली नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. कालांतराने तिचे हायस्कूल झाले.

याच काळात, १८८० च्या सुमारास, मुंबईत बेने इस्राएलांची कीर्तनमंडळी स्थापन झाली, हे वाचून आम्हा नारदाच्या गादीवर उभे राहणाऱ्यांचे मन भरून येते. बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांच्यासारख्यांनी अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठी चालींत बांधून गायिली. धर्म त्यांचा, कथा त्यांची, पण पूर्वरंग-उत्तररंगाची घडण आपली. जोसेफ इझिकियेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले तेही याच पिढीत. शाळेच्या दारातून आलेले अक्षर असे देवघरापर्यंत पोहोचत होते.

केहिमकरांचे दुसरे कार्य अधिक एकाकी होते. बगदादकडून आलेले धनाढ्य यहुदी बेने इस्राएलांना शुद्ध यहुदी मानण्यास कचरत. १८३६ साली तर दफनभूमीतही मध्ये भिंत घालून मिळावी, अशी मागणी बगदादी मंडळींकडून झाली होती. मृत्यूनंतरही पंक्तिभेद! हा सल आपल्याही समाजास अनोळखी नाही. किंबहुना संतांना त्याविरुद्ध किती झिजावे लागले ते आपण जाणतोच. या अपमानास केहिमकरांनी भांडणाने उत्तर दिले नाही. ते टाचणे करीत बसले. वृद्धांच्या तोंडच्या कथा, गावोगावच्या आडनावांची मुळे, विवाहाचे विधी, मलिद्याचा नैवेद्य, सणांची जुनी मराठी नावे, सारे त्यांनी टिपून ठेवले. नव्याचा सण, खिरीचा सण, दारे बंद करून उपवास करावयाचा तो दरफाळणीचा सण, बिरड्यांचा रोजा. ही नावे वाचताना कोकणातल्या कोणत्याही घराचे स्वयंपाकघर डोळ्यांपुढे उभे राहते.

त्यांचा युक्तिवादही नैयायिकास शोभेल असा होता. यहुद्यांचा हनुक्का हा दीपोत्सव इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सुरू झाला. आणि बेने इस्राएलांच्या मूळ परंपरेत तर तो नव्हता. तेव्हा त्यांचे पूर्वज त्या घटनेपूर्वीच, इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास, स्वदेश सोडून निघाले असले पाहिजेत, असा त्यांचा निष्कर्ष. सर्वच संशोधकांना तो मान्य झाला असे नाही. परंतु एखाद्या सणाचे नसणे हेही प्रमाण होऊ शकते, हे ज्याला सुचले त्याची बुद्धी सामान्य खचित नव्हे.

१८९७ साली हा इतिहास लिहून झाला. छापला मात्र गेला नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात केहिमकर निवर्तले तेव्हा ग्रंथ हस्तलिखितातच होता. व्यासांना निदान गणपती तरी लेखनिक मिळाला. यांना मुद्रकही मिळाला नाही.

शाळा मात्र चालत राहिली. तिला पुढे नाव मिळाले ते सर एली कदूरी या दानशूर गृहस्थाचे. हे कदूरी जन्माने बगदादी यहुदी! ज्या समाजाने पंक्तीस बसवून घेण्यास आढेवेढे घेतले, त्यातल्याच एकाच्या औदार्याने ती शाळा माझगावात उभी राहिली. १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाले आणि त्यानंतर हा समाज हळूहळू तिकडे निघून गेला. जाताना मराठी घेऊन गेला. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक इस्राएलमध्ये निघाले ते त्यामुळेच. केहिमकरांच्या शाळेत मग इतर धर्मांची मुले शिकू लागली. मागे राहिलेल्या मूठभर यहुद्यांना महाराष्ट्र शासनाने २०१६ साली अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली.

आणि ग्रंथ? तोही अखेर प्रकाशात आला. १९३६ साली इमॅन्युएल ओल्सवँगर नावाचे संस्कृतज्ञ यहुदी विद्वान हिंदुस्थानात आले होते. त्यांनी केहिमकरांचा इतिहास संपादून १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध केला, म्हणजे लेखनानंतर चाळीस वर्षांनी. याच ओल्सवँगरांनी पुढे भगवान व्यासांच्या महाभारतातील श्रीमद्भगवद्गीता हिब्रू भाषेत उतरविली.