आगरकरांची अंत्ययात्रा

दुबई-शारजात चार मराठी घरे जमली आणि निवडणुकीचा विषय निघाला की आवाज चढतात. तेव्हा आम्हाला गोपाळ गणेश आगरकर आठवतात.

त्यांचा जन्म १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी, अतिशय गरीब घरात झाला. एम. ए. होऊनही त्यांनी मोठी नोकरी धरली नाही. टिळकांबरोबर शाळा आणि 'केसरी' चालवला. १८८२ मध्ये कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. एवढे ते जवळचे मित्र!

पण आधी स्वराज्य की आधी समाजसुधारणा, यावर त्यांचे पटेना. आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. बालविवाह नको, विधवांचे केशवपन नको, असे ते सडेतोड लिहीत. चिडलेल्या सनातन्यांनी त्यांच्या पुतळ्याची अंत्ययात्रा पुण्यात काढली, तीही ते जिवंत असताना! मुद्द्याला उत्तर सुचले नाही की लोक तिरडी बांधतात, दुसरे काय? आगरकर मात्र लिहीतच राहिले.

टिळक-आगरकरांचा वादही नेहमी सौम्य नव्हता. दोन्ही पत्रांतून बोचरे शब्द गेले. १८९५ मध्ये दम्याने आगरकर वारले, तेव्हा वयाची ३९ वर्षेही पुरी नव्हती. 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला तो टिळकांनीच.